चौथ्या डब्याला हात लावण्याआधी

मी, ज्याला या बिल्डिंगमध्ये सगळे फ्यूज म्हणतात, वय एकोणीस, शिक्षण दहावी (दोन खेपांत), पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. नशा केलेली नाही, कोणी दमदाटी केलेली नाही. घाबरलेलो मात्र आहे. घाबरलेल्या माणसाचं मृत्युपत्र चालतं का, असं तळमजल्यावरच्या शिंपीणकाकूंना विचारलं. त्यांच्या सासऱ्यांच्या मृत्युपत्रावरून घरात कोर्टकचेरी झाली होती, त्यामुळे त्यांना यातलं कळतं. म्हणाल्या, डोकं ठिकाणावर असलं की झालं, पाय लटपटले तरी चालतात.

कारण आधी सांगतो, नाहीतर वाचणारा म्हणेल, याचं काहीतरी नवीन.

आमच्या जिन्याच्या वळणावर, डोक्यावर एक माळा आहे. इतका बुटका की मांजरसुद्धा वाकून जातं. त्यात सहा डबे आहेत, बिस्किटांचे, पत्र्याचे, आतून रबर लावलेले. माझी चुलत बहीण, म्हणजे ताई, कॉलेजच्या लॅबमध्ये टाकाऊ बॅटऱ्यांवर संशोधन करते. लोकांनी फेकलेले लॅपटॉप आम्ही भंगारवाल्याकडून आणतो, त्यांच्या बॅटऱ्या फोडतो, आतले सेल काढतो, चार्ज करतो आणि महिनाभर नुसते ठेवून देतो. महिन्याने ज्याचा दम उतरलेला दिसेल तो बाद. बाकीचे डब्यात. लाइट गेली की जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप त्या सहा डब्यांवर चालतो. वर्षभर चाललंय. ताई त्यावर लिहितेय, आणि मी फोडाफोडी करतो.

आज जेवून वर चढताना मी नेहमीसारखी उडी मारून माळ्याच्या फळीला टपली मारली. फळी गरम होती. चहाच्या पातेल्याला बाहेरून हात लावावा तशी.

ताईने तापमानाचा मीटर लावला. चौथा डबा सत्तर अंशांच्या वर. मेन स्विच पाडला, तरी आतला एखादा सेल बिघडला असेल तर तो स्वतःच्या स्वतः तापत राहतो. तो पेटला तर शेजारचे पेटतात, आणि ही आग पाण्याने विझत नाही, पुन्हापुन्हा उठते. मी एकदा एकच सेल पेटलेला बघितलाय, लॅबच्या मागच्या मैदानात. एक सेल, बोटाएवढा. डब्यात ऐंशी आहेत.

सगळे खाली रस्त्यावर उतरलेत. माझी आई सोडून. ती तिसऱ्या मजल्यावर आहे, कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये. चौघांनी खुर्चीवरून आणायचा प्रयत्न केला, तर जिन्याच्या वळणावर, बरोबर त्या माळ्याखाली, खुर्ची अडकली. प्लास्टर वळेना. आई ओरडली. पुन्हा वर नेलं. उतरायला दुसरा जिना नाही. फायर ब्रिगेडला फोन केलाय, पण पुलावर ट्रक उलटलाय, ते वळसा घालून येतायत.

म्हणून चौथा डबा बाहेर काढायचा आहे. ताई आधी स्वतः शिरली होती, खांदे अडकले. माझ्याइतका किडकिडीत इथे दुसरा कोणी नाही. आयुष्यभर लोक मला म्हणत आले, जरा खात जा.

ताईचा लॅबमधला नियम असा की तापलेल्या डब्याचा आकडा लागोपाठ दोनदा उतरल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. दर दहा मिनिटांनी ती खालून मोठ्याने आकडा वाचते. मधल्या वेळात मी हे लिहितोय. आत्ता एकाहत्तर आहे. उतरलेला नाही.

कलम १. माझं घर नाही. आहे ते आईचं आहे, त्यामुळे ते मी कोणाला देऊ शकत नाही. घरातला माझा कोपरा, म्हणजे खिडकीखालचं टेबल, तिने परत शिवणाच्या मशीनसाठी घ्यावं. ते तिचंच होतं. टेबलावर जळल्याचे डाग आहेत त्यांना टेबलक्लॉथ घालावा. मी घातला होता, तो जळला.

कलम २. माझी सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, दोन्ही स्क्रू-ड्रायव्हर संच आणि भिंग मी कामाला जातो त्या रिपेअरिंगच्या दुकानाच्या मालकांना. भिंग मुळात त्यांचंच आहे. ते हरवलं म्हणून मालक जिच्यावर संशय घेतात, ती दुकानातली झाडूवाली मावशी निर्दोष आहे.

कलम ३. पलंगाखालची खोकी ताईला. एकात मोटारी आहेत, एकात पंखे, एकात मोबाइलचे स्क्रीन. प्रत्येकावर लिहिलंय, पण खोटं लिहिलंय, कोणी उचलू नये म्हणून. ‘जुनी वह्या-पुस्तकं’ लिहिलेल्या खोक्यात सगळ्यात चांगला माल आहे. ते खोकं आजवर कोणीही उघडलेलं नाही.

आकडा आला. एकाहत्तरच. ताईचा आवाज नेहमीचा आहे, पण ती मला नावाने हाक मारतेय, फ्यूज म्हणत नाहीये.

कलम ४. (हे कलम रद्द आहे, पण खोडलेलं नाही. वाचावं.) तळमजल्यावर राहणारे सर, निवृत्त मुख्याध्यापक, यांना मी माळ्याखालची कापलेली वायर देत होतो.

ती गोष्ट अशी. गेल्या वर्षी मी एक रातकिडा बनवला. गाणाऱ्या ग्रीटिंग कार्डातली चिप, घड्याळाचा सेल आणि उजेड ओळखणारा एक बारीक डोळा. अंधार झाला की किर्रर्र करतो, उजेड झाला की गप्प. तो मी सरांच्या पुस्तकांच्या कपाटामागे ठेवला. सर दिवा बंद करत, किडा वाजे. दिवा लावून शोधायला उठत, किडा चूप. आठवडाभर सरांनी झोप घेतली नाही. त्यांनी औषध फवारलं, कपाट उन्हात काढलं, शेवटी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. तिथून आल्यावर मी कबूल केलं. त्यांनी नुसता हात पुढे केला आणि मी किडा त्यांच्या हातावर ठेवला.

मग डब्यांना ताप आला तर ओरडणारी घंटा हवी, असं ताई म्हणाली. ड्रॉवरमध्ये दुसरं काही नव्हतं म्हणून मी तसलीच चिप लावली. तीन दिवसांपूर्वी ती वाजायला लागली. अख्ख्या बिल्डिंगला वाटलं, ही माझीच खोडी. मी आईच्या औषधांसाठी गावभर फिरत होतो, मला पत्ताच नाही. सरांनी स्टूल घेतलं, नखं कापायची कात्री घेतली आणि वायर कापली. आता कळतंय की ती घंटा खरंच ओरडत होती.

मघाशी मी सरांना हे सगळं रस्त्यावर, चारचौघांत ऐकवलं. फार वाईट शब्दांत. त्यांनी ऐकून घेतलं. मग शिंपीणकाकू म्हणाल्या की साक्षीदार दोघं लागतात आणि साक्षीदाराला मृत्युपत्रात काही द्यायचं नसतं. एक त्या स्वतः. दुसरं कोण म्हटल्यावर सरच पुढे आले. म्हणून कलम ४ रद्द. सरांना मी काहीही देत नाही. वायरसुद्धा नाही.

एकोणसत्तर. उतरला. एकदा.

माझ्या हातांना घाम येतोय आणि आत जाताना रबरी हातमोजे घालायचेत. घाम आला की पाना सटकतो. पाना सटकून दोन्ही टोकांना एकदम लागला तर ठिणगी. हे मला कोणी सांगायला नको.

कलम ५. आईसाठी. तिला खरं सांगितलेलं नाही. वायरिंग तपासतोय म्हटलंय. तिची खुर्ची वर कठड्याशी ठेवलीय. तिने आत्ताच तिथून खाली बघत विचारलं, “काय लिहितोयस रे एवढं? परीक्षेत कधी एक पुरवणी घेतली नाहीस.”

मी म्हटलं, “ताईचं काम आहे.”

“मग अक्षर नीट काढ. आणि जेवलास तसाच उड्या मारू नकोस.”

आई, तू हे वाचत असशील तर मला बोलवायला तुझ्या उशाशी लावलेली बेल रात्री आपोआप वाजायची ती बिघडलेली नव्हती. मीच दुसऱ्या खोलीतून वाजवायचो. तू जागी आहेस का ते बघायला. तू शिव्या दिल्यास की मला झोप लागायची.

माझा फोन तिला. त्याचं कुलूप तिच्या वाढदिवसाच्या तारखेने उघडतं.

कलम ६. आत जायची पद्धत लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी ताईला दोष देणार नाही. माझ्या घोट्याला दोरी. कपाळावर टॉर्च, उजेड पुढे. डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा. आधी डब्याच्या वायरचं वरचं टोक सोडायचं, त्याला टेप, मग खालचं, त्याला टेप. डबा फळीवरून ओढत माळ्याच्या टोकाला, गोणपाटाने झाकलेल्या झरोक्यापर्यंत आणायचा. झरोक्याखाली अंगणात वाळूचं पिंप ठेवलंय, त्यात सोडायचा.

अडचण अशी की आत मी बोलू शकणार नाही. तोंडाला ओला रुमाल असेल. मग मी ठीक आहे हे बाहेर कळणार कसं, असं ताईने विचारलं. तेव्हा सर घरात गेले आणि रातकिडा घेऊन आले. त्यांनी तो फेकलेला नव्हता. नवीन सेल घातलेला होता. का, ते मी विचारलं नाही.

किडा मी पाठीला बांधणार, टॉर्चच्या उलट बाजूला, म्हणजे त्याला अंधारच दिसेल. तो वाजतोय तोवर मी ठीक आहे. डबा पेटला तर माळाभर उजेड होईल आणि तो आपोआप गप्प बसेल. किडा गप्प झाला की कोणी मला हाका मारत बसू नये. दोरी ओढावी. दोरी सर धरणार आहेत. मी म्हटलं, तुमचे कान? ते म्हणाले, “डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलंय. कान एकदम चांगले आहेत.”

पहिल्यांदाच हसलो दुपारपासून.

रस्त्यावरच्या सगळ्यांना विनंती आहे की त्यांनी थोडा वेळ बोलू नये. स्कूटर चालू करू नये.

सदुसष्ट. दुसऱ्यांदा उतरला. ताई माझ्या घोट्याला दोरी बांधतेय.

वरील सर्व मी माझ्या मर्जीने लिहिलंय. मी परत खाली आलो तर हा कागद ताबडतोब फाडावा, विशेषतः कलम ३, आणि आईला कलम ५ दाखवू नये.

सही: फ्यूज
ठिकाण: जिना, खालून तिसरी पायरी
तारीख: आजची. मला खरंच आठवत नाहीये, ताई घालेल.

साक्षीदार १: शिंपीणकाकू, तळमजला. मुलाने माझ्यासमोर सही केली. डोकं ठिकाणावर आहे. पाय लटपटत होते, तरी चढला.

साक्षीदार २: निवृत्त मुख्याध्यापक, तळमजला. त्याने माझ्यासमोर सही केली. डाव्या हाताने लिहीत आहे, उजव्यात दोरी आहे, तरी अक्षराबद्दल क्षमा असावी. रस्त्यावर कोणीही बोलत नाही. किडा वाजतो आहे.