पन्नासची गोळी निवडून दाखवा

६ नोव्हें. २००६, सोम.
परदेशातल्या हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर. माझ्याकडे औषध निवडायचा स्क्रीन. ड्रॉपडाउन उघडला की यादी वरच्या चौकटीएवढीच अरुंद, लांब नावं शेवटी, नेमकी डोसच्या आकड्यापाशीच कापली जातात. पाच मिलिग्रॅम आणि पन्नास मिलिग्रॅम, दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या! नर्सने कुठली निवडायची? टीम लीड समीरला दाखवलं. "अगं, डिझाइन क्लायंटने पास केलंय. लूकला हात लावू नकोस."
लूक म्हणे. डोकं फिरलं.

७ नोव्हें.
सकाळी घरमालकीण लक्ष्मीकाकू सासऱ्यांच्या गोळ्या काढत होत्या. "दोनी पाकिटं येकसारखीच हायेत बघ. म्हून मोठ्या गोळीच्या पाकिटाला लाल दोरा बांदलाय. म्हाताऱ्याच्या जिवाशी खेळ नको." चौथी शिकलेली बाई. आणि आम्ही अख्खा मजला इंजिनियर...
कॅबमध्येच ठरवलं. करणार.

९ नोव्हें.
कोड लिहून ड्रॉपडाउनला सांगितलं, ओळी तू रंगवू नकोस, मी रंगवते. यादी रुंद, ओळी उंच, जास्त डोसच्या ओळीला कडेने जाड लाल पट्टी. आधी सगळी यादीच काळीकुट्ट. मग निवडलेली ओळ कळेचना. सगळं हाताने म्हटल्यावर निवडलेल्या ओळीचा निळा रंगही आपणच भरायचा, विसरलेच होते. दुपारी चारला जमलं. देखणी नाही, पण वाचता येते. लई भारी वाटलं (काकूंचा शब्द).

१३ नोव्हें., सोम.
समीरने माझा कोड काढून जुना टाकला. न विचारता. मी परत चढवला. सगळ्यांसमोर म्हणाला, "प्रोबेशनवर आहेस ना? एवढा माज?"
मीही बोलले, "आहे माज. अर्धी नावं मी देणार नाही."
नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले. तेही लिहून ठेवते.

१४ नोव्हें.
लातूरहून बाबांचा फोन. "जमवून घे गं. किती खेटे घालून लागली नोकरी." त्यांचं चूक नाही. पण माझंही...

१५ नोव्हें.
समीर: आज पाचपर्यंत पट्टी काढ, नाहीतर प्रोजेक्टमधून बाहेर.
तीनला थेट क्लायंटला मेल केला. समीरला सीसीत ठेवून, चोरून नाही. जुन्या आणि नव्या यादीचं एकेक चित्र, खाली एकच ओळ: पहिल्या यादीतून पन्नासची गोळी निवडून दाखवा.
समीर तणतणत मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलाय. दार लावलंय. मेलला उत्तर नाही.
पाच वाजून गेले. पट्टी काढलेली नाही. मला आत बोलावलंय, ही ओळ संपवून जाते.