खाटेसारखा रुंद बोर्ड

रविवार, संध्याकाळ

श्वेताच्या तळहातांना फोड आलेत. नातीला हा त्रास माझ्यामुळे झाला.

तिला पवना धरणात लांबवर वल्हवत जायचं असतं, त्यासाठी उभं राहून वल्हवायचा बोर्ड घ्यायला गेलो होतो. तिनं लांब, निमुळता पसंत केला. "आबा, लांबच्या पल्ल्याला ह्योच. सरळ जातो." मी तो हातानं दाबून पाहिला आणि म्हणालो, "ह्याच्यावर पाय कुटं ठरणार? खाटेसारखा रुंद घे. मला पाणी कळतं." काय कळतं मला? जन्म धरणाकाठी गेला, पण गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरलो नाही.

तिनं रुंद, आखूड घेतला. आज पलीकडच्या काठाला गेली आणि येताना वारा सुटला. बोर्ड सारखा तोंड फिरवायचा. सोबतच्या दोघी लांब बोर्डवरून कधीच पोचल्या, ही तासाभरानं. तोवर मी काठावर उभा. उतरल्यावर हसली, "आबा, तुमची खाट लय गोल फिरती!" पण ते फोड.

घरी त्यांवर खोबरेल लावताना बोलून टाकलं. "श्वेते, मला पाण्यातलं काय बी कळत न्हाई. भ्यालो व्हतो."

"मला दुकानातच कळलं व्हतं, आबा."

"मग घेतलास कशाला?"

"तुमी चार दिवस जेवला नसता."

खरं आहे, जेवलो नसतो.

हा बोर्ड देऊन लांब, निमुळता मिळतो का, ते विचारायला उद्या तिच्याबरोबर जाणार आहे. दुकानात तोंड मात्र उघडायचं नाही.