नवी मोटारसायकल मी कशी घेतली

दिंडोरी,
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

प्रिय भिकाभाऊ यांस,

दिंडोरीहून तुमच्या दाजींचा मनापासून नमस्कार. आम्ही तिघंही इकडे धडधाकट आहोत आणि कळवणला तुम्ही सगळे तसेच असाल असं धरून चालतो. सिंधुवहिनींच्या गुडघ्याला त्या नव्या तेलाने काही उतार पडला का, ते कळवा. (नसेल पडला तर ते तेल आमच्याकडून आलं होतं हे कृपया विसरून जा.) निकिताची बारावी सुरू आहे, म्हणजे ती पुस्तक उघडं ठेवून बसते आणि आम्ही दोघं हळू आवाजात बोलतो. तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत की गाडी घेतली म्हणे, कशी घेतली, कितीला पडली. ही हकीकत फोनवर सांगण्याएवढी लहान नाही, म्हणून आज शाळेला सुट्टी आहे तर सवडीने लिहायला बसलो आहे.

जूनमध्ये रोहिणीची बदली डोंगराकडच्या आरोग्य उपकेंद्रात झाली, हे तुम्हाला माहीत आहे. घरापासून बावीस किलोमीटर, त्यातले शेवटचे चार घाटाचे. एसटी सकाळी एकच जाते आणि तीही तिच्या मर्जीने जाते. त्यामुळे मी रोज सकाळी तुमच्या बहिणीला आपल्या जुन्या बिनगिअरच्या स्कूटरवर तिथे सोडायचं आणि हायस्कूल भरायच्या आत परत येऊन ऑफिसचं कुलूप उघडायचं, असा बेत ठरला. (हेडक्लार्क उशिरा आला तर सगळ्या शाळेला कळतं. मुख्याध्यापक उशिरा आले तर ते मीटिंगला गेलेले असतात.) दोन महिने हे बरं चाललं. ऑगस्टमधल्या एका बुधवारी लसीकरणाचा दिवस होता. रोहिणी मागे लशीचा निळा डबा मांडीवर घेऊन बसली होती. घाटातल्या दुसऱ्या वळणावर स्कूटरने मोठा आवाज केला आणि नंतर कुठलाच आवाज केला नाही. मी उतरलो, रोहिणी उतरली, आणि मग स्कूटर आपली आपण थोडी मागे सरकली. वर पाड्यावर सव्वीस बाळं आणि त्यांच्या आया येऊन बसलेल्या, आणि डब्यातला बर्फ काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. तेवढ्यात खताच्या गोण्या भरलेला एक ट्रॅक्टर आला. तुमची बहीण ट्रॉलीत चढली, गोण्यांवर बसली, डबा पोटाशी धरला आणि वळणापलीकडे गेली. मी स्कूटर ढकलत खाली आलो. शाळेत पोचलो तेव्हा दुसरा तास संपला होता.

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता रोहिणी म्हणाली की उपकेंद्राला लागून एक राहायची खोली आहे, सोमवार ते शनिवार ती तिथेच राहील, म्हणजे रोजची ओढाताण नको. अगदी साध्या आवाजात म्हणाली. निकिताने हातातला घास ताटात ठेवला. मी तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्या ताटातली भाकरी उगाच चुरत बसलो. भाऊ, एकोणीस वर्षांत ही बाई घरात नाही असे दिवस मी बोटांवर मोजू शकतो, आणि त्यातले बरेचसे कळवणचे आहेत. मी म्हणालो, खोली वगैरे काही नाही, आपण मोटारसायकल घेऊ. हे मी इतक्या ठामपणे म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं.

मग तीन आठवडे मी अभ्यास केला. सीसी, टॉर्क, अॅव्हरेज, घाटात कुठली गाडी ओढते आणि कुठली रडते, हे सगळं मोबाइलवर व्हिडिओ बघून वहीत उतरवलं. स्टाफरूममध्ये माझा इतका दबदबा झाला की पीटीचे सर, जे गेली वीस वर्षं बुलेट चालवतात, तेसुद्धा माझ्याकडे चेनच्या तेलाबद्दल विचारायला आले. (मी त्यांना सांगितलं की ते गाडीच्या स्वभावावर अवलंबून असतं. त्यांना पटलं.) शेवटी एकशेपंचवीस सीसीची एक गाडी पक्की केली. वर्तमानपत्रात तिची जाहिरात होती, चौऱ्याऐंशी हजार नऊशे फक्त. त्या 'फक्त'वर विश्वास ठेवून मी पहिल्या शनिवारी एकटाच नाशिकला गेलो.

शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण नंतर त्यांनी आम्हाला कॉफी पाजली. आत तेजल नावाची एक मुलगी होती, निकितापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिने मला बसवलं, पाणी दिलं आणि एक छापील कागद हातात ठेवला. कागदाच्या तळाशी एक लाख सोळा हजार चारशे असा आकडा होता. मी तिला नम्रपणे सांगितलं की बाळ, हा दुसऱ्या कोणाचा तरी कागद आहे. ती म्हणाली, नाही काका, ही ऑन-रोड किंमत आहे, जाहिरातीतली शोरूमच्या आतली आहे. मी विचारलं की मी गाडी शोरूमच्या आतच चालवली तर चालेल का. ती हसली, पण आकडा हसला नाही. मग मॅनेजर आले. काचेच्या केबिनमधून आले आणि मला केबिनमध्ये घेऊन गेले. मी माझी वही उघडली आणि अर्धा तास घासाघीस केली. शेवटी त्यांनी मोठ्या नाराजीने हजार रुपये कमी केले. मी विजयी होऊन नवीन कागद घेऊन एसटीत बसलो. म्हसरूळ मागे पडल्यावर तो कागद नीट वाचला. त्यात हजार कमी केले होते आणि 'पूजा किट' या नावाखाली दीड हजार वाढवले होते. म्हणजे घासाघीस करून मी गाडी पाचशे रुपयांनी महाग करून आणली होती.

घरी आल्यावर मी तो कागद फ्रिजवर ठेवला आणि त्यावर वही ठेवली. रोहिणीने वही उचलली. कागद वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि पुढच्या शनिवारी रजा टाकून मीपण येते एवढंच म्हणाली.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं गेलो. मॅनेजर म्हणाले, सर, आधी एक टेस्ट राइड घेऊन बघा, मग बोलू. त्यांनी डेमोची गाडी दारात आणून लावली. मी त्यांना समजावलं की माझा उजवा गुडघा जरा दुखतोय (वहिनींचं ते तेल मीही लावून पाहिलं होतं) आणि शिवाय मी गाडी कागदावर पूर्ण ओळखतो, मला बसून बघायची गरज नाही. ते म्हणाले, तरी पण सर. मी म्हणालो, नको. ते परत म्हणाले, तरी पण. एवढ्यात रोहिणीने ओढणी कमरेला घट्ट बांधली, तेजलच्या हातातली किल्ली घेतली, पायाने एकदा गिअर चाचपला आणि गाडी रस्त्यावर काढली. भाऊ, मी तिथेच उभा होतो. शनिवारची गर्दी, एका बाजूने ट्रक, दुसऱ्या बाजूने रिक्षा, आणि त्यातून तुमची बहीण अशी सरळ निघून गेली की जणू रोजचीच वाट. वीस मिनिटं ती आली नाही. या वीस मिनिटांत मॅनेजरने मला विचारलं, मॅडम किती वर्षं चालवतात? मी म्हणालो, बरीच. (दुसरं काय म्हणणार.) परत आल्यावर हेल्मेट काढत ती म्हणाली, पुढचा ब्रेक ढिला आहे आणि क्लच उशिरा धरतो, आम्हाला देताना नीट करून द्या.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं की हे कुठे शिकलीस. ती म्हणाली, "भाऊने शिकवली. दहावीच्या सुट्टीत, कांद्याच्या चाळीमागे." मग आजवर मला का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाली की लग्नानंतर आठ दिवसांनी तुम्ही मला स्कूटर हीच सभ्य माणसाची गाडी, यावर तासभर सांगितलं होतं, मग मी कशाला मध्ये बोलू. भाऊ, तुम्ही आमच्या घरी एकोणीस दिवाळ्या जेवलात. निदान एकदा तरी पानावरून मान वर करून हे बोलायला हवं होतं.

त्यानंतर ती कागद घेऊन बसली. गाडीची किंमत, सरकारचा कर, विमा, या तीन ओळींवर तिने बरोबरच्या खुणा केल्या. मग पुढची प्रत्येक ओळ बोट ठेवून विचारली, हे काय असतं आणि हे नाही घेतलं तर काय होतं? टेफ्लॉन कोटिंग नाही घेतलं तर काय होतं? मॅनेजर म्हणाले, चमक जाते. रोहिणी म्हणाली, आमच्या घाटात चिखल असतो, खोडा ती ओळ. अॅक्सेसरीज तर आधीच बसवल्यात, असं ते म्हणाले. ती म्हणाली, बसवल्यात तशा काढा, आम्ही थांबतो. साडीगार्ड आणि हेल्मेट नियमाने गाडीबरोबरच यायला हवं, त्याचे वेगळे पैसे कसे, असं विचारल्यावर त्यांनी तेजलकडे पाहिलं आणि तेजलने खिडकीबाहेर पाहिलं. मग बोट हँडलिंग चार्जेसवर आलं, बावीसशे रुपये.

"गाडी गोडाऊनमधून इथे आणायचा खर्च असतो मॅडम," मॅनेजर म्हणाले.

"गोडाऊन कुठंय?"

"मागच्या बाजूला."

"मग किल्ली द्या. मी आणि हे ढकलून आणतो."

हे म्हणजे मी. मी बाह्या वर करायला सुरुवातही केली होती, कारण गाडी ढकलण्याचा अनुभव त्या खोलीत माझ्याइतका कोणालाच नव्हता. मॅनेजरनी माझ्या बाह्यांकडे पाहिलं. मग त्यांनी पेन काढलं, ती ओळ स्वतः खोडली आणि कॉफी मागवली. तेजलने हळूच सांगितलं, "ताई, वाढीव वॉरंटी तेवढी ठेवा, घाटाच्या रस्त्याला ती खरंच लागते." रोहिणीने तिच्याकडे नीट बघितलं आणि ती एक ओळ ठेवली. एकूण एक लाख चार हजार शंभर. पूजा किट गेलं. हार आम्ही बाहेर चाळीस रुपयांना घेतला आणि नारळ तेजलने स्वतःच्या हाताने फोडला.

आठ दिवसांनी नंबर आल्यावर गाडी घरी आणली. रोहिणी पुढे आणि मी मागे बसलो, कारण कागदपत्रांची फाइल कोणीतरी सांभाळून धरायला हवी होती. दिंडोरीत शिरताना आमच्या शाळेचा शिपाई भेटला आणि त्याने मला नमस्कार करावा की रोहिणीला, हे त्याला पटकन ठरवता आलं नाही. आता रोज सकाळी साडेसातला ती डबा आणि बॅग घेऊन एकटी निघते, संध्याकाळी सहाच्या आत घरी असते. पहिल्या दिवशी पाड्यावरच्या चिमणाबाई म्हणून एक आजी कितीतरी वेळ तिच्या मागे बघत होत्या म्हणे, की नर्सबाईंना घेऊन येणारा माणूस कुठे पडला. ते खोलीचं बोलणं पुन्हा निघालं नाही. निकिता पोटभर जेवते. मला सकाळी एक तास मोकळा मिळतो, त्यात मी चहा करतो, आणि तो आता पिण्यासारखा होतो असं दोघींचं मत आहे. एकूण गाडी चांगली मिळाली. निवड माझीच होती, हे चारचौघांत बोलताना लक्षात ठेवा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. चाळीतला कांदा कसा आहे ते लिहा.

तुमचे दाजी,
ज्ञानेश

ता. क. पूजा किटची गोष्ट फक्त तुम्हाला लिहिली आहे. वहिनींना सांगू नका.

आणखी ता. क. भाऊ, खरं कारण आता लिहितो. मला गिअरची गाडी येत नाही. कधीच येत नव्हती. गुडघा दुखत नव्हता आणि ती फाइल साध्या पिशवीतही मावली असती. सुट्टीच्या दिवशी गाडी दारात उभी असते आणि शेजारचे विचारतात, काय साहेब, एक चक्कर नाही का मारत? मी दर वेळी तिला फडकं मारायला घेतो. तिच्यासारखी चमकणारी गाडी गल्लीत दुसरी नाही. तुम्ही येत्या रविवारी काहीतरी निमित्त काढून या आणि मला शिकवा. इथेही एका बागेमागे मोकळी जागा आहे. तुम्ही एकीला शिकवलीत, ती एवढी चांगली चालवते, तर दुसऱ्यालाही येईल. मात्र रोहिणीला यातलं काही कळता कामा नये.

भाऊ, मी रोहिणी. यांनी हे पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं, कारण पोस्ट माझ्या वाटेवर आहे, आणि पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. गेले दोन रविवार हे पहाटे उठून अंगणात गाडी स्टँडवर लावतात आणि इंजिन बंद ठेवून गिअर टाकतात. चौथा टाकला की स्वतःशीच मान डोलावतात. तू नक्की ये. क्लच एकदम सोडायची सवय लागेल, तेवढं बघ, आणि हसू नकोस. त्या रविवारी जेवण झाल्यावर मी चार वाजेपर्यंत झोपणार आहे. मी दुपारी कधी झोपत नाही हे तुला माहीत आहे. त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.