लिनक्सवर चढवलेलं जहाज

सोमवार, ३ जून
सकाळी कॉम्प्युटर चालू केला. पंखा घरघरला आणि त्यातून एकदम गुरुजींची पट्टी ऐकू आली. टेबलावर ठक, ठक. चाळीस पोरं कविता म्हणताहेत. पट्टी थांबते, सगळे गप्प होतात, आणि मग एकटा शेपट्या, माझ्या बाकावरचा, शेवटचा शब्द मागून सोडतो. साठ वर्षं झाली. तो शब्द अजून हवेत आहे.

एवढ्यात पडद्यावर सूचना: तुमचा संगणक नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही.

पात्र नाही. मी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. भल्याभल्यांची वाक्यं मी अपात्र ठरवली.

निर्णय: जुनी सिस्टिम सोडून लिनक्सवर जायचं. फुकट आहे, स्वतंत्र आहे, आणि मेंढरांचा कळप तिकडे फिरकत नाही. फक्त जहाजाचा गेम चालला पाहिजे. रविवारी पाचला शेपट्या त्याच्या गावातून आणि मी इथून, एकाच जहाजावर चढतो. सुकाणू त्याचं, तोफा माझ्या. गोळा भरेपर्यंत तो शाळेतल्या कवितेची एक ओळ टाकतो, मी पुढची उचलतो. फोनवर तो दोन मिनिटांत 'ठेवू का' म्हणतो. जहाजावर दोन तास बोलतो. अकरा वर्षांत प्रत्यक्ष भेट नाही. जहाज असल्यावर हवी कशाला.

मंगळवार, ४ जून
कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. म्हणाला, काका, आधी यादीत बघा तुमचा गेम लिनक्सवर चालतो का. काही ऑनलाइन गेमना लबाडी पकडणारा पहारेकरी असतो, तो लिनक्सवाल्यांना दारातच अडवतो. आणि जुनी सिस्टिम पुसू नका, दोन्ही एकाच मशीनवर नांदतात.

म्हणजे घरात पोटभाडेकरू ठेवायचा. असली अर्धवट माणसं दुकानं चालवतात.

यादी लांबलचक आहे. सवडीने बघेन.

बुधवार, ५ जून
अकरा व्हिडिओ पाहिले. लिनक्सचे शंभर प्रकार, आणि प्रत्येक पोरगा वेगळाच प्रकार थोर असल्याचं सांगतो. एकाचंही वाक्य धड पूर्ण होत नाही. शेवटी सगळी नावं मोठ्याने म्हणून बघितली. ज्याचे लघुगुरू नीट पडले ते निवडलं.

गुरुवार, ६ जून
कमांड पाठ करतोय. कॉपी-पेस्ट हा आळशांचा धंदा. येरझाऱ्या घालत, चालीवर म्हटल्या की चटकन बसतात. ही म्हणाली, अहो, सकाळची गोळी घेतली का? घेतली होती.

शेपट्याला मेसेज केला: गुलामी सोड, मी परवा मुक्त होतोय. त्याचं उत्तर: आधी तू मर, मग मी येतो. जन्मभर मागेच राहणार.

शनिवार, ८ जून, सकाळी १०
शुभारंभ. मध्येच ठळक अक्षरांत दोन ओळी आल्या. ज्याचा स्वतःच्या वाक्यावर भरवसा नसतो तो ठळक अक्षर वापरतो. प्रूफरीडरला कोणी सूचना वाचायला शिकवू नये. पुढे गेलो. संपूर्ण डिस्क वापरायची का? अर्थात.

११.३०
झालं. पडद्यावर तळ्याचं चित्र. जुन्या सिस्टिमचा मागमूस नाही. शेपट्याला कळवलं, जहाज घोड्यासारखं पळतंय. जहाज अजून इंटरनेटवरून उतरवून घेतलेलं नाही, पण पळणारच.

रविवार, ९ जून
४.५०. बंदर दिसलं. लाटा, पक्षी, आमची शिडं. डोळे भरून आले.
४.५८. पाटी आली: तुमची सिस्टिम ओळखता येत नाही, प्रवेश नाही.
५.००. तेच.
५.१०. शेपट्याचा फोन. कुठे उलथलास, मी सुकाणू धरून उभा आहे. म्हटलं, पाहुणे आलेत. ही आत एकटी पेपर वाचत होती.
५.१२. 'ठेवू का' म्हणाला. ठेवला.
७.००. दोष लिनक्सचा नाही. गेमच हलक्या दर्जाचा आहे.

मंगळवार, ११ जून
पाठ केलेल्या सगळ्या कमांड चालवल्या. चाल अचूक. उपयोग शून्य. दुकानदाराने यादी उघडून दाखवली, आपला गेम तांबड्या रंगात. काका, बघितलं नव्हतं का? म्हटलं, बघितलं होतं, पटलं नव्हतं. जुनी सिस्टिम अर्ध्या तासात परत टाकून देतो म्हणतो.

म्हणजे ज्या दारात अपात्र ठरलो, त्याच दारात पुन्हा उभं राहायचं. शक्य नाही.

गुरुवार, १३ जून
शेपट्याचा मेसेज: खरंच पळतंय ना तुझ्याकडे? तासाभराने पुन्हा तोच. लिहिलं, घोडा आहे घोडा, तुझ्यासारख्या मेंढराला नाही कळायचं.

उत्तर नाही.

शनिवार, १५ जून
अजून उत्तर नाही. मेंढरू हा शब्द लागला असेल. चौथीत त्याची पाटी फोडली होती तेव्हा आठवडाभर बोलला नव्हता.

कबुली द्यायचं ठरवलं. लिहिलं: गेम चालत नाही, चूक माझी. मग सवयीने तपासलं. 'चूक' जरा भडक वाटला, काढला. मग 'माझी' लोंबकळायला लागला, तोही काढला. उरलं ते गेमलाच दोष दिल्यासारखं वाचलं जात होतं. पाठवलं नाही.

ही म्हणाली, अहो, उद्या पाचला काय करणार? म्हटलं, रविवारी मला बरीच कामं असतात.

रविवार, १६ जून
४.३०. हेडफोन लावून बसलोय. कशालाच जोडलेला नाही. एक ओळ मोठ्याने म्हणून पाहिली. पुढची कोणी टाकली नाही. ही दारातून डोकावली आणि गेली.

४.४५. बेल.

४.५२. ही त्याला पाणी देतेय तोवर लिहून घेतो. दारात शेपट्या. केस गेले, पोट आलं, छाती भात्यासारखी. कडेवर मूल घ्यावं तसा चादरीत गुंडाळलेला त्याचा कॉम्प्युटर. बसमध्ये तीन तास मांडीवर धरून बसला होता म्हणे, कंडक्टर विचारत होता आजारी आहे का. मला म्हणाला, लेका, तुझं ऐकून बुधवारी टाकलं मीपण. सगळी डिस्क. गेम दारातच अडवून धरतोय. फोनवर सांगितलं असतं तर तू वर्षभर हसला असतास. पाच वाजायच्या आत माझंही पळव.

ही माझ्याकडे बघत होती. मी चादरीच्या नक्षीकडे बघत होतो.

आता तो चपला काढतोय आणि हिला विचारतोय, वहिनी, घोडा कुठल्या खोलीत आहे?