मधल्या फळीवरची जागा

प्रिय धाकटोबा,

हे कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर लिहिलेलं तू छापतोस.

रविवारची पुरवणी वाचली. ‘उन्हाळा, आपलं शहर आणि आपली मुलं’. फोटो झकास आहे. केस काळे केलेस वाटतं. लेखात तू लेकीला, आपल्या भिंगरीला, चौकातल्या कारंज्यात भिजवलंस, संग्रहालयाच्या गार दालनात देवमाशाच्या सांगाड्याखाली बसवून चित्र काढायला लावलंस, दुमजली बसमध्ये वरची पुढची जागा पटकावून शेवटच्या थांब्यापर्यंत फिरवलंस, आणि तळ्यात होडीची सैर घडवलीस. एवढं करून दमला असशील. मी तर दमलेच, कारण ते सगळं मी केलं.

या लेखाला प्रमाण कोणतं, सांग बरं. प्रत्यक्ष? तू त्या कारंज्याकडे फिरकला नाहीस. अनुमान? त्याला थोडा तरी विचार लागतो. उरलं शब्दप्रमाण, आणि तो शब्द माझा. लेकीची खुशाली म्हणून रोज संध्याकाळी मी जे कळवत होते, तेच तू एकापुढे एक जोडलंस. ‘जलतुषारांची खोडकर कुजबुज’ तुला बापजन्मात सुचली नसती! विशेषणं ढापलीस, त्याचं काही नाही. लहानपणी माझ्या रंगीत पेन्सिलीही ढापायचास. पण ‘होडी डुलली तशी लेक मला बिलगली’ हे लिहिताना लाज कशी वाटली नाही रे? बिलगले होते मी. तुझी नऊ वर्षांची लेक मला सांगत होती, आत्या, डोळे उघड, आपण बुडत नाहीयोत. मी तुला तसंच कळवलंही होतं. तू ते उलटं केलंस. पुरवणीतला बाप कसा धीराचा दिसायला हवा!

तिच्या आईचं आणि तुझं फाटलं तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी तू भांडून घेतलीस. बाप आहे मी, म्हणून टेबलावर हात आपटला होतास. आणि यंदा? पोरीला गाडीतून उतरवून घेतलंस ते थेट माझ्या दारात आणून सोडलंस. ताई, चारच दिवस, पुरवणीचं काम अंगावर आलंय, म्हणालास. ते चार दिवस आता सुट्टीबरोबरच संपतील. राहतोस कुठे, तर पुलापलीकडे. मुलांसोबत वेळ कसा घालवावा हे गावाला शिकवण्यात तुझा इतका वेळ गेला, की मूल बहिणीकडे टाकावं लागलं. संताप संताप होतो माझा. शाळेत पोरांवर ओरडावं तसं तुझ्यावर ओरडावंसं वाटतं, पण पोरं निदान मान खाली घालतात.

तरी एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. तुला ओळखते, चार शिव्या मनात देऊन गप्प बसले असते. पण पुरवणी भिंगरीने माझ्याआधी वाचली. वाटलं, आता रडेल. तिने कात्री मागितली, लेख नीट कापून घेतला आणि संध्याकाळी होडीवाल्या काकांना दाखवला. हे माझे बाबा. काका नेहमी आम्हा दोघींनाच बघतात. हसून म्हणाले, हो का? मग कुठे बसले होते गं बाबा? तिने न अडखळता मधल्या फळीवर हात ठेवला. इथे, म्हणाली. आणि बोलताना माझ्याकडे बघत होती, मी तिला उघडं पाडते की काय म्हणून. खोटं बोललं म्हणून मुलांचे कान पिळणारी मी, मी मान डोलावली. तुझ्या लेकीला तुझ्यासाठी खोटं बोलावं लागलं, धाकटोबा, आणि ते तिला सफाईने जमलं. याची मला भीती वाटते. शनिवारी ती आईकडे परत जाते. शुक्रवारी ऊन उतरल्यावर होडी सांगून ठेवली आहे. वही-पेन, फोटोवाला कोणी आणू नकोस. ये, मधल्या फळीवर बस आणि पोरीचा शब्द खरा कर. होडी डुलेल. घाबरलास तर बिलगायला मी आहेच, डोळे मिटलेले असले तरी.

रागावलेली, आणि तरीही तुझीच,
ताई