लांब न फेकलेला चेंडू

अण्णा, आज पुन्हा हरलो. म्हणजे माझी अमेरिकेतली टीम हरली. मी इथे सिंगापुरात कंपनीच्या बसमध्ये मांडीवर डबा घेऊन बसलो होतो. तिकडे रविवारची दुपार असते तेव्हा इकडे सोमवारची सकाळ, आणि मी जुरोंग आयलंडवरच्या रसायनांच्या प्लांटच्या वाटेवर. तुम्ही हा खेळ कधी पाहिला नाहीत. नावाला फुटबॉल, पण सगळा कारभार हातांचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. क्वार्टरबॅक म्हणून एक जण असतो, दर वेळी चेंडू आधी त्याच्याकडे येतो. तो लांब फेकायचा की शेजारच्याच्या पोटाशी देऊन त्याला पळवायचं, हे मैदानाबाहेरून कोच सांगतो. शिकायला दोन वर्षं तिकडे होतो तेव्हा हे वेड लागलं, ते काही सुटलं नाही.

आमचा क्वार्टरबॅक कोवळा पोरगा आहे, पण त्याचा हात तुम्ही बघायला हवा होतात. आज सुरुवातीलाच त्याने असा चेंडू फेकला की मी भर बसमध्ये ओरडलो. दहा गुणांनी पुढे गेलो आणि तिथेच कोच घाबरला. त्यानंतर एकही लांब चेंडू नाही. पोटाशी दे, दोन यार्ड. पुन्हा पोटाशी दे, एक यार्ड. आणि चौथ्या प्रयत्नाला लाथ मारून चेंडू समोरच्यांच्या हवाली. एकदा तर हातभर अंतर उरलं होतं, तरी लाथच. माझ्या शेजारी एक चिनी म्हातारा टेक्निशियन बसतो. त्याला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण तोही इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाला, "अगेन किक अवे? युअर कोच व्हेरी स्केअर्ड लाह." प्लांटच्या गेटवर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे शेवट पाहिला नाही. जेवणाच्या सुट्टीत कळलं, एका गुणाने गेलो. नेटवर लोक त्या पोरालाच शिव्या देत होते. अरे, त्याला फेकू कुठे दिलं कोचने?

एवढा राग का येतो ते मला ठाऊक आहे, अण्णा. जिल्ह्याच्या कबड्डीच्या फायनलला आपली शाळा पाच गुणांनी पुढे होती आणि शेवटच्या चढाया माझ्या होत्या. मी जायचो, चढाई बाद होऊ नये म्हणून निदानरेषा तेवढी ओलांडायचो आणि कुणाच्या वाऱ्यालाही उभा न राहता परत यायचो. एका गुणाने जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. तुम्ही शाळेचे पीटीचे सर, माझे वडील, तुम्ही मात्र सायकल काढलीत. घरी आई शिरा करत होती. तुम्ही ओट्याला टेकून उभे आहात, शर्टाच्या बाहीला मैदान आखायची फक्की लागलेली आहे. "एकालाही हात लावला नाहीस. मग तिकडं कशाला गेला होतास?" आई म्हणते, "अहो, जिंकलाय ना तो!" तुम्ही म्हणता, "तो नाही जिंकला, वेळ संपली." मी त्या शिऱ्याला हात लावला नाही.

तुमच्या हृदयाची झडप बिघडली तेव्हा मैदानाबाहेरचा कोच मी होतो. तुम्ही फोनवर म्हणालात, "करून टाकू रे ऑपरेशन. असं धापा टाकत बसण्यात काय राम आहे?" माझं इथलं काम सेफ्टीचं. शंका आली की परवाना द्यायचा नाही, प्लांट थांबवायचा. याच गुणावर मी या देशात टिकलो आहे. पासिर रिसमधल्या माझ्या फ्लॅटबाहेर कॉरिडॉरमध्ये उभा राहून मी पुण्याच्या डॉक्टरांशी बोललो. ते म्हणाले, "वय आहे, जोखीम आहे. पण माणूस काटक आहे, मी करायला तयार आहे. मात्र आत्ताच." मी त्यातला जोखीम हा एकच शब्द ऐकला. तुम्हाला सांगितलं, "डॉक्टर नको म्हणतात, औषधांवर ठेवू." तुम्ही म्हणालात, "डॉक्टर म्हणतात तर ठीक आहे." मुलगा खोटं सांगेल हे तुमच्या मनातही आलं नसेल. पुढचे नऊ महिने तुम्ही खुर्चीत काढलेत. आंघोळ करतानाही मध्ये थांबावं लागायचं. शाळेचं मैदान दोन गल्ल्या सोडून होतं, तिथवर काही तुम्ही पुन्हा गेला नाहीत. ऑपरेशनच्या टेबलावरच गेला असतात, हेही शक्य आहे. अकरा वर्षं मी स्वतःला हेच बजावतो आहे. उपयोग होत नाही.

हे पत्र घरच्या पत्त्यावर टाकलं तर आईच फोडेल, चष्मा लावून सगळं वाचेल. म्हणून टाकणार नाही. काल रविवार, तिला फोन केला होता. तिचं नेहमीचंच चाललं होतं, "त्या डॉक्टरानं जरा हिंमत केली असती तर हे अजून असते रे. घाबरट मेला!" डॉक्टर भला माणूस होता. मी म्हणालो, "हो ना, आई."