दारं तपासणारा माणूस

सोमवार, ४

—दूध तापत ठेवलं, चादरी भिजवल्या आणि भिंगरीची वेणी घालायला बसले. तेव्हा ती अगदी सहज म्हणाली, "आजी, तो कालपण आला होता."

कोण गं?

"दारं तपासणारा माणूस."

कंगवा हातातच राहिला. दूध गेलं उतू!

सकाळची गोष्ट, पण दिवसभर डोक्यातून जात नाही. पाच वर्षांची नात. लेकीला रात्रपाळी लागल्यापासून, तीन आठवडे, माझ्याकडे झोपते. सकाळी डोळे तारवटलेले, अंथरूण ओलं.

मंगळवार, ५

लेक पाळीवरून आली ती चिडूनच. "आई, शाळेत बाकावर झोपा काढते ही! रविवारपर्यंत बघते, नाहीतर नणंदेकडे पोचवते."

नणंदेचं गाव आठ तासांवर. मी कांदा चिरत राहिले. बरं झालं, कांदा होता.

बुधवार, ६

वाचनालयातून मुलांच्या भीतीवरचं पुस्तक आणलं. ग्रंथपाल म्हणाले, "या वयात बालसंगोपन?" म्हटलं, "वाचायला तरी कोणत्या वयात शिकले?" दुकानांच्या पाट्यांवर शिकलेली मी, अजून ओळीखाली बोट ठेवते.

पुस्तक म्हणतं, भीतीला हसू नका. मुलांना ती सांगू द्या, चित्र काढू द्या. भिंगरीने काढलं. नुसती दारंच दारं!

"माणूस कुठाय?"

"तो दिसत नाही गं. ऐकू येतो."

गुरुवार, ७

दाराला दुसरी कडी बसवून घेतली. सुतार म्हणाला, "मावशी, घरात सोनंनाणं दडवलंय काय?"

"नात दडवलीय."

शुक्रवार, ८

कडीने वाढलंच! "आता तो जास्त वेळ खटखट करतो."

शनिवार, ९

दुपारी मी उशीच्या अभ्र्याला टाके घालत होते. भिंगरी बाहुलीला निजवत होती. पांघरूण घातलं, मग उठून हळूहळू निघाली. गॅसचं बटण, नळ, खिडकी, दाराच्या कड्या. प्रत्येकाला दोन टिचक्या. परत येऊन घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सगळं बंद. झोप आता."

सुई बोटात गेली. हे शब्द ह्यांचे! छत्तीस वर्षं रोज रात्री, याच क्रमाने फिरून, दिवा मालवताना मला म्हणायचे. ते गेले तेव्हा भिंगरी दहा महिन्यांची, दुसऱ्या गावी. तिला कोण सांगणार?

खोटं कशाला लिहू— अंगावर काटा आला तो आनंदाचा. म्हणजे येतात! मग रागही आला. चार वर्षं वाट मी बघतेय, आणि येतात ते पोरीकडे?

विचारलं, "कसा चालतो गं तो?"

"एक पाय ओढत. तुझ्यासारखा."

गुडघा माझा दुखतो. ह्यांचा कधीच दुखला नाही.

ते गेल्यापासून मीच फिरते. पोर आत निजली की अंधारात उठते— गॅस, नळ, खिडकी, कडी. परत येऊन रिकाम्या उशीला म्हणते, त्यांच्यासारखंच घोगरं. इतकं अंगवळणी पडलंय की केल्याचं लक्षातही राहत नाही. पोर घाबरते म्हणून हल्ली दोनदा उठत होते! आणि आत ती पांघरुणात डोकं खुपसून ऐकत होती.

रविवार, १०

लेकीला सांगितलं. आधी हसली, मग पदराला नाक पुसत म्हणाली, "बाबांची ड्यूटी तू करतेस होय!" नणंदेकडे पोचवायचं आठवडाभर थांबवते म्हणाली.

सोमवार, ११

काल दिवे लावून भिंगरीचं बोट धरलं आणि फेरी घातली. टिचक्या तिनेच मारल्या. वरच्या कडीला हात पोचेना, उचलून घेतलं. मग तिच्याशेजारी आडवी झाले आणि म्हटलं, आता तू मला म्हण. तिने पांघरूण माझ्या हनुवटीपर्यंत ओढलं आणि म्हणाली.

मी झोपले.